सिहार : चामोर्शीच्या मातीची मोजदाद

चामोर्शीकडच्या शेतकऱ्याला ‘तुमची जमीन किती?’ असे विचारले तर तो एकरांत उत्तर देतो. पण ‘जमीन कशी?’ असे विचारले की त्याच्या बोलण्यात भराभर नावे येऊ लागतात. ही बांधी सिहाराची, तिच्या खालची मोरांडाची, नाल्याला लागून आहे ती कन्हार, आणि डोंगराकडचा तुकडा म्हणजे निव्वळ बर्डी. ही नावे शाळेच्या पुस्तकांत सापडत नाहीत. काळी माती, तांबडी माती, जांभी माती आणि गाळाची माती एवढ्या चार शब्दांवर आपले मातीचे शिक्षण संपते. माझे तर शाळेचेच शिक्षण लवकर संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयातल्या बाकावर आणि मजुरांच्या सभांतून झाले. त्यामुळे पुस्तकातले चार शब्द आणि शेतावरची ही नावे यांच्यामध्ये एवढे अंतर का पडले, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे सतावत आला. त्या शोधात जे हाती लागले, त्यातला एका मातीपुरता, म्हणजे सिहारापुरता, भाग आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम मुलूख पाहू. चामोर्शी तालुका वैनगंगेच्या डाव्या तीरावर आहे. पलीकडच्या तीरावर चंद्रपूर जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत दोन्ही तीर एकाच चांदा जिल्ह्यात होते आणि दोन्हींचे जमाबंदीचे दप्तरही एकच. मार्कंड्याला नदी वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते. तेथील मंदिरे पाहण्यास लोक लांबून येतात. दक्षिणेस चपराळ्याकडे वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता सुरू होते. पूर्वेस घोट-रेगडीच्या अंगाला जंगल आणि डोंगर. म्हणजे जमिनीचा मोठा उतार पूर्वेकडून पश्चिमेकडे, डोंगराकडून नदीकडे. परंतु या मोठ्या उतारावर लहान लहान नाल्यांनी आपापले छोटे उतार पाडले आहेत, आणि शेतकऱ्याचे दैव त्या छोट्या उतारावर ठरते. मोठा उतार नकाशात दिसतो. छोटा पायांना कळतो.

आता पायाखालचा खडक. नागपूर, वर्धा, यवतमाळ या बाजूला खाली बसाल्ट आहे, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड. तो कुजून कपाशीची काळी जमीन झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या तालुक्यात तो दगड नाही. येथे बहुतेक ठिकाणी खाली आहे तो ग्रॅनाइटच्या कुळातला, पट्टेदार, अतिप्राचीन खडक; भूशास्त्रज्ञ त्याला पट्टिताश्म म्हणतात. त्यात गारगोटी असते, फेल्डस्पार असते, अभ्रक असते. पावसापाण्याने फेल्डस्पार कुजून चिकण होते. गारगोटी कुजत नाही, तिची रेती होते. अशा रीतीने एकाच दगडाच्या पोटातून रेती आणि चिकण ही दोन भावंडे जन्माला येतात. पुढे त्यांची वाटणी कशी होते, हाच सिहाराच्या जन्माचा इतिहास आहे.

ही वाटणी करतो पाऊस. गडचिरोलीत वर्षाला सरासरी १३०० ते १५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. अहिल्यानगरकडच्या (पूर्वीच्या अहमदनगरकडच्या) अवर्षणी मुलखाच्या दुपटीहून अधिक हे पाणी झाले. हे पाणी उतारावरून जाताना बारीक चिकण सोबत नेते आणि जाड रेती मागे ठेवते. डोंगराच्या पायथ्याशी उरते ती खड्यांची तांबडी बर्डी; तिच्यातले लोखंड गंजून लाल झालेले असते. थोडे खाली रेती आणि चिकण यांचे मिश्रण साचते, रंगाने फिकट पिवळसर किंवा राखी, ती सिहार. आणखी खाली चिकण वाढते, रंग गडद होतो, चुनखडीचे खडे दिसू लागतात, ती मोरांड. सर्वांत खाली, नाल्याच्या आणि नदीच्या काठाला, भेगाळणारी काळी कन्हार. आमच्याकडची काळी जमीन ही जागच्या बसाल्टापासून झालेली नव्हे, ती पाण्याने आणून बसवलेली आहे. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि तिच्या वरच्या खोऱ्यात बसाल्टाचा प्रदेश आहे, हेही नदीकाठच्या काळ्या मातीचा विचार करताना विसरता येत नाही.

माथ्यापासून नाल्यापर्यंत लागोपाठ येणाऱ्या अशा मातींना जेफ्री मिल्न या शास्त्रज्ञाने १९३५ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत, त्या वेळच्या टांगानिकात, ‘कॅटीना’ म्हणजे साखळी असे नाव दिले. त्याचे म्हणणे असे की या साखळीतली एक कडी सुटी काढून तिचे वर्णन करण्यात अर्थ नाही; वरच्या कडीने जे गमावले तेच खालच्या कडीने कमावले. आमच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही. ‘वरच्याची माती खालच्याच्या बांधीत’ हा तर धुऱ्यावरच्या भांडणाचा कायमचा विषय आहे.

पण सिहाराच्या बाबतीत निसर्गाचे काम येथे संपते आणि माणसाचे सुरू होते. नुसती सिहार म्हणजे निकस जमीन. रेतीमुळे पाणी टिकत नाही, आणि कोरडी पडली की विटेसारखी कडक. तिची भाताची जमीन झाली ती श्रमाने. उतारावर धुरे घालून पायऱ्यांसारख्या बांध्या केल्या, प्रत्येक बांधीचा तळ सपाट केला, आणि पिढ्यान् पिढ्या उभ्या पाण्यात नांगर चालवून चिखलणी केली. चिखलणीत मातीची मूळची घडण मोडते, चिकणाचे बारीक कण खाली बसतात, बैलांच्या आणि माणसांच्या पायांनी नांगराच्या तळाखालचा थर दाबला जातो, आणि काही वर्षांनी तेथे पाणी सहजी न सोडणारा एक घट्ट पापुद्रा तयार होतो. आज एखाद्या जुन्या सिहाराच्या बांधीत दोन हात खड्डा खणून पाहा. वर वीतभर राखी माती, तिच्याखाली कुदळ अडखळते तो घट्ट थर, आणि त्याखाली पिवळ्या मातीत गंजाचे लाल ठिपके. पाण्याखाली हवा मिळत नाही तेव्हा मातीतले लोखंड विरघळून हलते, पाणी ओसरले की पुन्हा गंजते. त्याची ही खूण. त्या ठिपक्यांत किती पावसाळ्यांची रोवणी आहे हे मोजणारा कोणी भेटत नाही. मातीचे वर्णन करणारे ग्रंथ तिच्या घडणीची कारणे सांगताना खडक, हवामान, वनस्पती, उतार आणि काळ यांची नावे घेतात. सिहाराच्या यादीत मजूर हे सहावे कारण घातले पाहिजे, असे माझे मत आहे; आणि हे मत केवळ संघटनेचा माणूस म्हणून मी देत नाही, तो खड्डा पाहून देतो.

धुऱ्यांच्या जोडीला तलाव आले. चांद्याच्या गोंड राजांपैकी हिरशहाच्या नावावर अशी परंपरा सांगतात की जो जंगल तोडून गाव बसवील त्याला ती जमीन आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. तलाव बांधणाऱ्यास मिळालेल्या अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीचे नाव आजही तुकूम आहे. उत्तरेकडे ब्रह्मपुरी-नागभीडच्या बाजूला तलाव बांधण्यात कोहळी समाजाची ख्याती झाली. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले, १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी वारले आणि त्यापाठोपाठ सारे राज्य इंग्रजांनी खालसा केले. इंग्रजी अमलात मालगुजारांना गावाच्या मालकीचे हक्क मिळाले आणि तलावही त्यांचे झाले. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी नष्ट होऊन तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि बोलण्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. बांधले कोणी आणि मामा कोण झाला, हा विनोद मजुरांच्या सभेत हमखास हशा मिळवतो.

आता मोजदादीकडे येऊ. इंग्रजांना मातीत जो रस होता तो साऱ्यापुरता. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापुरापासून जी पद्धत घालून दिली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात जिला पक्के रूप आले, तिच्यात मातीची खोली हाताने मोजत. पावणेदोन हात खोल उत्तम माती म्हणजे सोळा आणे; तेथून उतरत नऊ प्रती. चुनखड, रेती, उतार, पाणी साचणे असले दोष सापडले की प्रत खाली. हवामान आणि बाजारपेठ यांचा हिशेब त्या पद्धतीत वेगळा, गावांचे गट पाडून होई. म्हणजे माती एका वहीत आणि आभाळ दुसऱ्या वहीत. देशावरच्या ज्वारी-बाजरीच्या जमिनीला ते चालून गेले असेल. भाताच्या मुलखात चालणारे नव्हते, कारण भाताच्या जमिनीत खोलीपेक्षा पाण्याची जागा महत्त्वाची.

चांदा मध्यप्रांतात होते. मेजर लुसी स्मिथ यांच्या देखरेखीखाली येथे पहिली मोठी जमाबंदी झाली. तिचा अहवाल १८६९ चा. पुढे मध्यप्रांताचे जमाबंदी आयुक्त बॅम्फील्ड फुलर यांनी एक नवी रीत बसवली. तिच्यात प्रत्येक मातीला एक अंक देत. तो अंक मातीच्या जातीवर आणि शिवाय ती उतारावर कोठे बसली आहे यावर ठरे. भाताच्या जमिनीत उंचावरची ती टिकरा, सपाटीची ती समान, आणि वरून पाझर येणारी सखल ती झिलान. तलावाखाली भिजणारी असेल तर तिचा अंक आणखी चढता.

हिशेब कसा होई, ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. समजा, टिकऱ्यावरच्या सिहाराचा अंक ८ आणि झिलानातल्या सिहाराचा १६ धरला. एखाद्याकडे दोन्ही प्रकारची पाच-पाच एकर आहे. पहिल्या तुकड्याचे ४० एकांक, दुसऱ्याचे ८०. गावाचा दर एकांकास एक आणा असेल तर पहिल्यावर अडीच रुपये, दुसऱ्यावर पाच. माती एकच, नाव एकच, तरी आकार दुप्पट. कारण पाण्याची जागा निराळी. महसुलाच्या भाषेत साऱ्याच्या रकमेला ‘आकार’ म्हणतात हे आपण जाणताच.

राज्यकर्त्यांचे उपकार मानण्याचे काही कारण नाही. वसुली पक्की व्हावी आणि मालगुजाराने कुळाकडून किती घ्यावे हे ठरावे, यासाठी हा खटाटोप होता. तथापि न्यायाने बोलावयाचे तर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या कागदांत गावकऱ्यांचीच नावे घेतली गेली. कन्हार हे नाव छत्तीसगडातही चालते, सिहार-मोरांड वैनगंगेच्या खोऱ्यात. ही नावे कोणा साहेबाने लंडनहून आणली नव्हती. पटवारी शिवारातून फिरला, गावच्या जाणत्यांनी माती ओळखून दिली, आणि दप्तरात ती सरकारी ज्ञान म्हणून दाखल झाली. शिवाय गावचा नकाशा काढला तो १६ इंचांस एक मैल या मापाचा. त्यावर प्रत्येक शेत उमटले.

त्याच नकाशांवर शतक पालटताना दुसरी जमाबंदी झाली, आणि तिच्या आगेमागेच १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ मध्यप्रांतावर कोसळले. १९०१ च्या खानेसुमारीत चांदा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ पेक्षा बरीच कमी भरली. दुष्काळात सिहाराचे काय होते, हे अंकांतून कळत नाही, म्हणून सांगतो. भाताला ऐन निसवण्याच्या वेळी हस्ताचा पाऊस लागतो. तो चुकला तर कन्हार आपल्या पोटातल्या ओलीवर पीक आणखी काही दिवस ओढते, आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर लाखोळी, जवस, हरभराही देते. झिलानातली सिहार वरच्या पाझरावर तगते. टिकऱ्यावरची सिहार मात्र आठ-दहा दिवसांत दगड होते. लोंबी बाहेर येते ती पोचट. रब्बीही नाही. त्या शेतकऱ्याला पुढच्या मृगापर्यंत दुसऱ्याच्या कामावर जाण्यावाचून गत्यंतर नसते. मजुरांच्या संघटनेत येणाऱ्या माणसांना मी सवयीने विचारतो, घरची जमीन कोणती? तुकडा असतो, आणि तो बहुधा टिकऱ्यावरचा असतो किंवा बर्डी असते. मजूर वर्ग कोठून येतो यावर पुष्कळ पुस्तके मी वाचली आहेत. त्यांत उताराचा उल्लेख फारसा येत नाही.

सरकारी साऱ्यातून शास्त्र जन्माला यावे ही गोष्ट आपल्याकडेच झाली असे नाही. रशियातला डोकुचायेव हा आधुनिक मृदाशास्त्राचा जनक मानला जातो. काळ्या जमिनीवरचा त्याचा ग्रंथ १८८३ चा. १८८२ ते १८८६ या वर्षांत त्याने निझ्नी नोव्हगोरोद प्रांताच्या मातीची पाहणी केली, ती तेथील जमिनींवर कर किती बसवावा हे ठरवण्यासाठी. पण तो करावर थांबला नाही. माती म्हणजे कुजलेला दगड नव्हे. खडक, हवामान, जीवसृष्टी, उतार आणि काळ यांनी मिळून घडलेली ती एक स्वतंत्र वस्तू आहे, असे त्याने मांडले, आणि खड्डा खणून थरावर थर पाहावयास शिकवले. त्याच सुमारास आपल्याकडे पटवारी माती आणि उतार एकत्र मोजत होता. पण त्याच्या वहीतून शास्त्र निघाले नाही, कारण त्या वहीचे काम सारा ठरताच संपत होते. १८९८ मध्ये सरकारचे कृषिरसायनशास्त्रज्ञ लेदर यांनी सबंध हिंदुस्थानच्या माती चार वर्गांत बसवल्या: गंगा-सिंधूचा गाळ, काळी, तांबडी आणि जांभी. शाळेतले आपले चार शब्द हे त्या चौकटीचे वंशज होत. चार खणांच्या त्या फडताळात सिहाराला जागा कोठे?

या काळ्या मातीचे इंग्रजी ग्रंथांतले नाव ‘रेगूर’. ते तेलुगूतल्या ‘रेगडी’वरून आले. रेगडी नावाचे एक गाव आमच्याच तालुक्यात आहे. दिना नदीवरचे धरण तेथे आहे आणि त्या पाण्याला कन्नमवार जलाशय म्हणतात. गावाचे नाव मातीवरून पडले की कसे, हा वाद भाषापंडितांसाठी सोडतो. पण परदेशच्या ग्रंथांत मानाने बसलेला शब्द आमच्याकडे एसटीच्या पाटीवर असतो, याची मला मौज वाटते.

स्वातंत्र्यानंतर मातीच्या पाहणीचे काम खऱ्या अर्थाने शास्त्राकडे आले. मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाचे राष्ट्रीय केंद्र १९७६ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नागपुरात आले, ही विदर्भाला भूषणावह गोष्ट. या मंडळींनी खड्डे खणले, थर तपासले, पाऊस आणि तापमान यांचे आकडे जुळवले, उतार मोजला. ज्या तीन साक्षी एकत्र घ्यावयास हव्या होत्या त्या घेतल्या. १९९० च्या दशकात महाराष्ट्राचा मृदा नकाशा तयार झाला. त्याचे काम झाले ते अडीच लाखांस एक या मापावर. त्याचे मोल कमी लेखण्याचे धाडस मी करणार नाही. सबंध राज्याची आखणी करावयाची तर मापही तसेच लागते.

परंतु हिशेब करून पाहू. त्या मापावर कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. आमच्याकडे बर्डीपासून कन्हारापर्यंतचा छोटा उतार पुष्कळ ठिकाणी अर्ध्या किलोमीटरचा असतो. नकाशावर तो दोन मिलिमीटर झाला. त्यात चार माती कशा उमटणार? पटवाऱ्याचा १६ इंची नकाशा याहून साठपट मोठा होता. म्हणजे झाले असे, की ज्या नकाशावर शेत दिसत होते त्या काळी शास्त्र नव्हते, आणि शास्त्र आले तेव्हा नकाशावरून शेत नाहीसे झाले होते.

माती मोजण्याची आणखी एक रीत या राज्यात चालते आणि तिचा माझ्या कामाशी रोजचा संबंध आहे. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ मध्ये देशाचा कायदा झाला. या कामांवर मजुरी मिळते ती खोदलेल्या मातीच्या घनमापावर, आणि दर ठरतो मातीच्या प्रतीवर: मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम, खडक. सोळा आण्यांची प्रतवारी उलटी करावी तशी ही आहे. येथे माती जितकी वाईट तितका दर चढता.

एका तलावाच्या दुरुस्तीवर काही वर्षांपूर्वी असा तंटा झाला. महिना चैत्राचा. पाळीजवळच्या पट्ट्यात खोदाई चालली होती, आणि आठवड्याचे मोजमाप झाले तेव्हा मजुरांच्या हाती फार थोडे पैसे आले. मोजमाप पुस्तिकेत ‘मऊ माती’ लिहिले होते. मोजणारा तरुण अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याचे म्हणणे साधे होते: यात मुरूम नाही, दगड नाही, ही माती आहे, आणि मातीचा दर हाच. मी दरपत्रक काढून वाद घालू लागलो. तेवढ्यात कामावरची एक म्हातारी पुढे आली, हातातले ढेकूळ त्याच्यासमोर ठेवले आणि म्हणाली, ‘‘सायेब, सावनात येजा अन् मंग नरम मनजा.’’ लोक हसले. पण तिच्या त्या वाक्यात मातीचे जे शास्त्र होते ते दरपत्रकात नव्हते. सिहार ही श्रावणात मऊ असते आणि चैत्रात कठीण. रेती आणि चिकण यांचे तिच्यातले प्रमाणच असे आहे की ओल गेली की चिकण रेतीला सिमेंटसारखे धरून ठेवते. रोजगार हमीची कामे उन्हाळ्यातच निघतात. तेव्हा तिची प्रत लिहिताना महिना न लिहिणे म्हणजे अर्धी प्रत लिहिणे होय.

आम्ही मागणी केली की दोन चांगले खोदणारे घ्यावेत, अर्धा दिवस त्यांना तलावाच्या पोटातल्या गाळात आणि अर्धा दिवस या पट्ट्यात खणू द्यावे, आणि दोन्ही खड्डे मोजावेत. तसे झाले. सिहारातला खड्डा गाळातल्या खड्ड्याच्या निम्माही भरला नाही. त्या पट्ट्यापुरता दर बदलून मिळाला. पुढच्या कामावर पुन्हा तोच वाद, हे सांगावयास नको. कारण बदल एका पुस्तिकेत झाला, दरपत्रकात नव्हे.

रोवणीच्या बायकांना तर माती सर्वांत जवळून ठाऊक. कन्हारात पाय पोटरीपर्यंत रुततो, पाऊल उपसण्यातच शक्ती जाते. पण चिखल दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. सिहारात पाय रुतत नाही, मात्र चिखलणी झाल्यावर रेती लवकर खाली बसते. त्याच दिवशी पऱ्हे लागले नाहीत तर दुसऱ्या दिवशी बोट मातीत शिरत नाही, नखे फुटतात. म्हणून सिहाराच्या मालकाला घाई असते आणि तो अंधार पडेपर्यंत बांधी सोडू देत नाही. रोवणीचा गुत्ता एकरावर ठरतो. मातीवर तो ठरावा, हा विषय आमच्या बैठकांत निघतो तेव्हा मालकांची बाजू म्हणते की हे मोजणार कोण? सारा मोजावयाचा होता तेव्हा मोजणारे मिळाले होते.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. शेतकऱ्याच्या हाती मातीचा कागद द्यावयाचा, तोही सारा घेण्यासाठी नव्हे तर त्याच्याच उपयोगासाठी. हा हेतू स्वागतार्ह आहे आणि त्यात मला कोठेही कुत्सितपणे बोलावयाचे नाही. पत्रिकेत बारा गोष्टी तपासून देण्याचे ठरले: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, आणि मातीचा सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. पण नमुना घेण्याची चौकट कोरडवाहू जमिनीत १० हेक्टरांची धरली गेली, ओलिताखाली अडीच हेक्टरांची. १० हेक्टरांचा चौकोन म्हणजे बाजूला सुमारे ३१६ मीटर. आमच्या उतारावर एवढ्या चौकोनात वरच्या कोपऱ्यात बर्डी आणि खालच्या कोपऱ्यात मोरांड सहज येते. त्यांची माती एका पिशवीत मिसळली म्हणजे जी माती तयार होते ती कोणाच्याही शेतात नाही. शिवाय नमुना वरच्या वीतभर थराचा. सिहाराचे सारे मर्म ज्या घट्ट थरात आहे तो त्याच्या खाली राहतो. खताचा सल्ला यावरून देता येईल. पण हस्त चुकला तर या शेतात काय उरेल, हे त्या बारा आकड्यांतून कळणार नाही.

यावर माझी सूचना खर्चिक नाही. प्रत्येक गावाचा जुना १६ इंची नकाशा भूमी अभिलेखाच्या दप्तरात असतो. त्याची एक प्रत ग्रामसभेने घ्यावी आणि शेताशेतावर जाऊन चार गोष्टी लिहाव्यात: मातीचे गावातले नाव, शेत टिकऱ्यावर, समान की झिलानात, कुदळ अडते तो थर किती बोटांवर आहे, आणि ओली माती तळहातावर वळली तर तिची वळकटी होते की तुटते. पटवाऱ्याला जे साधले ते गावच्या शिकलेल्या मुलामुलींना साधेल. सोबत ज्यांनी त्या बांध्यांत रोवणी केली आहे अशा दोन बाया असाव्यात, आणि त्यांना त्या दिवसाची मजुरी द्यावी. पुढे त्या नोंदी नागपूरच्या शास्त्रज्ञांपुढे ठेवून जेथे शंका असेल तेथे खड्डे घ्यावेत. आणि एकच फेरी करून थांबू नये. एकदा भात निघाल्यावर, मातीत थोडी ओल असताना. आणि दुसऱ्यांदा चैत्रात, त्याच खुणेवर, त्याच कुदळीने. दोन्ही वेळच्या नोंदींपुढे तारीख लिहावी.